दोन नंबरच्या बॉयलरवरची बदली

"तो कोपऱ्यातला दिवा घालवा आधी, डोळ्यांवर येतोय," काका म्हणाले, आणि गच्चीवर पसरलेल्या सतरंजीवर त्यांनी पाय ताणले. समोर पुतणे-भाच्यांचा घोळका. कोणी अर्धवट झोपेत, कोणी मोबाइल उलटा ठेवून कान टवकारलेलं.

"हं. आता एक अट. मधे 'हं' म्हणायचं, 'पण' म्हणायचं नाही. ही गोष्ट ऐकीव नाही. तुमच्या मोठ्या आत्याची आहे. तिला विचारायला जाऊ नका, ती सांगणार नाही. म्हणेल, नोंद केली, विषय संपला. तिनं हे एकदाच सांगितलं, मला. आणि शेवटचा तुकडा तर मी या डोळ्यांनी पाहिलाय..."

तर, तुमची आत्या, म्हणजे माझी ताई, नौदलाच्या नोंद-कचेरीत होती. तेहेतीस वर्षं. माणसाचं जसं सर्व्हिस बुक असतं ना, तसं जहाजाचंही असतं. जहाज निवृत्त झालं, की त्यानं आयुष्यभर काय काय केलं ते सगळं जुळवून त्याचा इतिहास लिहायचा, हे तिचं काम. कचेरीत तिला मागून 'पक्की शाई' म्हणायचे. कारण तिनं एकदा लिहिलं की खोडणं नाही. आणि दुसऱ्यानं सांगितलं म्हणून लिहिणं तर मुळीच नाही.

त्या वर्षी तिच्याकडे एक विनाशिका आली होती. विनाशिका म्हणजे लढाऊ जहाजांमधली चपळ बाई. अंगानं सडपातळ, पळायला वारा, आणि अंगावर तोफा. पण ही आता थकली होती. चौतीस वर्षं सेवा झाली होती. खलाशी तिला प्रेमानं 'म्हातारी' म्हणायचे. ताईनं म्हातारीची एकेचाळीस पानं लिहिली होती. पहिल्याच वर्षी वादळात शिरून तिनं होड्यांवरची त्रेसष्ट माणसं उचलून आणली होती. नवव्या वर्षी पेटलेल्या तेलवाहू जहाजाला दोर बांधून, दोन दिवस दोन रात्री ओढत, बंदरापासून लांब नेलं होतं. बाराव्या वर्षी धुक्यात धक्क्यावर आपटून नाक चेपून घेतलं होतं. तेही ताईनं लिहिलं. म्हातारीचा शेवटचा कप्तान म्हणाला, "बाई, हे कशाला?" ताई म्हणाली, "पुढच्या पानावर नवं नाक बसवलंय. ते बाजारातून हौसेनं आणलं असं लिहू का?"

अशी ती. पण सतराव्या वर्षाच्या पानावर तिचा हात अडला होता.

तिथं जुन्या अहवालातून उतरवलेल्या तीनच ओळी होत्या. 'रात्री दोन नंबरच्या बॉयलर रूममध्ये आग. जहाज वाचले. एक खलाशी कामाची जागा सोडून गेला, बेपत्ता.' बस्स. तो खलाशी म्हणजे 'घुबड'. सगळ्यांच्या रात्रपाळ्या हा हसत हसत स्वतःवर घ्यायचा, म्हणून ते नाव पडलेलं. बॉयलर रूम विझल्यावर वरूनच बॅटरी मारून पाहिलं, राखेशिवाय काही दिसलं नाही. आधी वर आलेल्या तिघा खलाशांना वाटलं होतं, तो मागोमाग चढतोय. मग म्हणाले, पळाला असेल, पाण्यात पडला असेल. खोली लोखंडी पत्रा मारून बंद केली आणि म्हातारी उरलेल्या बॉयलरांवर चालत राहिली.

त्याची आई मात्र गप्प बसली नाही. दर वर्षी तिचं एक पत्र यायचं. मजकूर दोन वाक्यांचा. 'माझ्या मुलाने जागा सोडलेली नाही. पुन्हा तपासून पाहावे.' अशी सतरा पत्रं. आणि दर वेळी कचेरीचं उत्तर जायचं, 'नोंद तपासली. बदल नाही.'

ती सतराही उत्तरं टाइप केली होती कोणी? ताईनं. वरून मजकूर यायचा, ही टाइप करायची. ते तिला आतून पोखरत होतं. आम्हाला कधी बोलली नाही, पण जेवता जेवता मधेच घास हातात धरून बसायची.

मंगळवार होता. अकरा नोव्हेंबर. म्हातारीला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ओढून नेणार होते, तोडायला. जहाजावरच्या नोंदवह्या एकूण त्रेचाळीस, आणि जमा झाल्या होत्या बेचाळीस. संध्याकाळी गोदीतून फोन आला, की तोडणाऱ्यांनी तपासणीसाठी दोन नंबरच्या खोलीचा पत्रा कापलाय, आत भिंतीला एक लोखंडी कपाट आहे, त्यात वहीसारखं काहीतरी दिसतं.

ताई उठून साहेबांकडे गेली. कचेरीचे सगळ्यात मोठे साहेब. ते म्हणाले, "लिहून टाका, आगीत नष्ट."

"नष्ट झालेली बघते, मग लिहिते."

"आत्ता? रात्र पडली बाई."

"मला बघून जहाज पळून जाणार नाही, साहेब. सकाळी सहाला मात्र जाईल."

साहेबांनी खणातून कागद काढला. मग बारा वाजेपर्यंतच्या पासावर सही केली. सही करण्याआधी 'दोन नंबर' हे शब्द त्यांनी दोनदा वाचले, हे ताईला नंतर आठवलं.

रात्री नऊ चाळीसला ती धक्क्यावर पोचली. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी, पायात रबरी बूट. शिडीपाशी एक म्हातारा पहारेकरी कंदील घेऊन बसला होता. पास उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "दोन नंबरमध्ये? एकट्या?"

"तुम्ही चला सोबत."

"मी..." तो घुटमळला. "मला जागा सोडता येत नाही."

"मग एकटी."

"बाई, वडीलकीच्या नात्यानं सांगतो. वीज तोडून महिना झाला. तरी खाली फोन वाजतो. मी ऐकलाय."

ताईला जहाजं पाठ होती. ती म्हणाली, "तो फोन दांडा फिरवून वाजवायचा असतो. त्याला वीज लागतच नाही."

"ते मलाही ठाऊक आहे," पहारेकरी म्हणाला. "पण दांडा फिरवायला माणूस लागतो ना?"

ताईनं बॅटरी लावली. ती शिडी चढली.

मेलेल्या जहाजात कधी शिरलाय का तुम्ही? नाही ना? जिवंत जहाज सतत गुणगुणतं. पंखे, पंप, पाणी, कुणाचे तरी बूट. हे मुकं होतं. खुर्च्या, दिवे, भांडी, सगळं काढून नेलेलं. भिंतींवर नुसते चौकोनी डाग. ताई दोनदा वाट चुकली. एकदा तर स्वयंपाकघरातच निघाली. तिथं भिंतीवर कोणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं, 'म्हातारे, तुझ्या हातचं बेचव खाल्लं, पण उपाशी नाही झोपलो.' ती एकटीच हसली. आणि स्वतःच्या हसण्याला दचकली.

दोन नंबरचं तोंड सापडलं तेव्हा अकराला दहा कमी होते. जमिनीत गोल भोक. बाजूला कापलेला पत्रा आणि उघडून टाकलेलं जाड लोखंडी झाकण. खाली उभी शिडी.

तिनं पिशवी पाठीला बांधली. बॅटरी तोंडात धरली. उतरली.

आत जळक्या तेलाचा वास होता. सतरा वर्षांपूर्वीचा नव्हे. ताजा.

भिंती काळ्या. पायांखाली राख. भिंतीलगत एक मोठं झडपेचं चाक, वितळून एका बाजूला झुकलेलं. चाकाशेजारीच ते कपाट. कपाटाचं दार तिनं जोर लावून ओढलं. आत वही होती. कडा करपलेल्या, पण पानं शाबूत.

तिनं शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. पेन्सिलीचं अक्षर. वरच्या ओळी सरळ, खालच्या घसरत गेलेल्या.

'११.०५. तेलाच्या नळीला आग. तिघांना वर पाठवलं.

११.०९. तेलाची झडप अडकली. हातानं फिरवतोय.

११.१२. फोनवर विचारणा. आहे म्हणालो. ऐकू गेलं नाही बहुतेक.

११.१३. वरचं झाकण बंद झालं. बरोबर केलं. वर दारूगोळा आहे.

११.१६. झडप बंद. पुन्हा उघडू नये म्हणून धरून आहे.

११.२०. बदली आल्याशिवाय जागा सोडणार नाही.'

ताईनं ते उभ्यानं वाचलं. मग राखेत गुडघे टेकून पुन्हा वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते नुसत्या दुःखाचं नव्हतं रे. संतापाचं होतं. सतरा वर्षं! सतरा वर्षं ही वही इथं होती, आणि ती तिकडे बसून टाइप करत होती. बदल नाही. बदल नाही.

तिनं घड्याळ बघितलं. अकरा बारा.

आणि फोन वाजला.

ट्रर्रर्र... तिच्या डोक्याजवळ. भिंतीवर एक काळा गोळा होता, वितळलेला. त्याची तार अर्धवट लोंबत होती. कुठेही जोडलेली नव्हती.

ट्रर्रर्र...

दुसरी कोणी असती तर तिथंच बसली असती. ताईनं हात पुढे केला. रिसीव्हर गरम होता. तिनं तो कानाला लावला.

वारा. पाऊस. माणसांची पळापळ. आणि त्यातून एक तरुण आवाज, जिवाच्या आकांतानं ओरडणारा...

"दोन नंबर! खाली कोणी आहे का? झाकण बंद करावं लागतंय! कोणी आहे का?"

तो आवाज तिनं ओळखला. रोज ऐकायची ती. सतरा वर्षांनी तरुण असलेला... साहेबांचा आवाज.

तिनं बोलायला तोंड उघडलं.

आणि तिच्या पाठीमागून, अगदी हातभर अंतरावरून, कोणीतरी म्हणालं,

"आहे."

...

ताई वळली नाही. मान वळेचना.

फोनमध्ये तो तरुण आवाज खचला. "उत्तर नाही... कोणी नाही खाली. बंद करा."

"अहो, आहे!" ताई ओरडली. "माणूस आहे इथं! ऐका!"

फोन मेला. वर धाडकन आवाज झाला. झाकण बसलं.

बॅटरी गेली.

काळोख. वास. ऊब वाढत चाललेली. आणि ते वितळलेलं चाक, जे कुणाच्या बापाला हललं नसतं, ते कुरकुरत होतं. कर्र... कर्र... कोणीतरी धरून ठेवलंय, आणि ते सुटू बघतंय, असं.

ती घाबरली नाही असं मी म्हणणार नाही. पण आपली ताई ती! भीती एका टोकाला गेली, की तिचा राग होतो.

"हे बघ," ती काळोखात म्हणाली. आवाज फाटला होता, तरी बोलली. "मला घाबरवून तुझं काही होणार नाही. तुझ्या आईला सतरा वेळा 'बदल नाही' लिहिणारी मीच. त्याची शिक्षा द्यायची तर दे. पण मी मेले इथं, तर ही वही सकाळी भंगारात जाईल. मग तू पळपुटाच. चालेल?"

कर्र...

"बोल ना!"

मग तो आवाज आला. थकलेला. इतका थकलेला, की ताई म्हणाली, माझी भीतीच गेली तिथं.

"बदली..."

एवढंच.

ताईला उमगलं. जहाजावरचा नियम साधा असतो. पाळीवरचा माणूस जागा सोडत नाही. दुसरा येतो, नोंदवहीत लिहितो, सही करतो. मग पहिला मोकळा. याला मोकळं करायला सतरा वर्षांत कोणी आलंच नव्हतं.

तिनं चाचपडत पिशवीतून पेन काढलं. वही मांडीवर घेतली. अंधारात, बोटानं कड मोजत, शेवटच्या ओळीखाली लिहिलं. आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं.

"रात्री अकरा वीस. दोन नंबर बॉयलर. मागचा खलाशी पूर्ण वेळ जागेवर हजर. झडप बंद. जहाज सुरक्षित. पाळी ताब्यात घेतली."

खाली सही केली.

मग उठली. हात पुढे करून ते चाक शोधलं. तापलेलं होतं. पदर गुंडाळून तिनं ते दोन्ही हातांनी धरलं.

"मी धरलंय," ती म्हणाली. "जा आता तू. आई वाट बघतेय."

...

कुरकूर थांबली.

शिडीवर पाऊल वाजलं. मग दुसरं. सावकाश, पायाला मुंग्या आलेला माणूस चढतो तसं. वर झाकण सरकलं. हवेचा एक गार झोत खाली उतरला.

आणि ताईनं काय केलं असेल? धूम ठोकली? नाही. चाक धरून उभी राहिली. एकटी. पाळी घेतली होती ना तिनं! दहा मिनिटं उभी राहिली. चाक निवलं. बॅटरी आपोआप लागली. मग तिनं वहीत आणखी एक ओळ लिहिली, 'जहाजाची सेवा समाप्त. पाळी बंद.' आणि वही छातीशी धरून वर आली.

धक्क्यावर पहारेकरी उभाच होता.

"झाकण तुम्ही लावलं होतं?" ताईनं विचारलं.

"मी इथून हललो नाही, बाई," तो म्हणाला.

सकाळी सहाला म्हातारी गेली. ताईनं ते धक्क्यावरून पाहिलं, घरी न येता. साडेनऊला ती साहेबांच्या टेबलापुढे होती. नवं पान टाइप करून.

साहेबांनी वाचलं. 'दोन नंबरच्या बॉयलर रूममध्ये आग. खलाशाने तीन सहकाऱ्यांना बाहेर काढून एकट्याने झडप बंद केली व जहाज वाचवले. अखेरपर्यंत जागेवर हजर.'

"ही ओळ काढा," साहेब म्हणाले.

"नाही काढणार."

"बाई, हा हुकूम आहे."

"माझी बदली करा. घरी पाठवा. ओळ निघणार नाही."

साहेबांचा आवाज चढला. "तुम्हाला काय माहीत? मी होतो त्या रात्री तिथं! मी विचारलं होतं खाली. दोनदा विचारलं. उत्तर आलं नाही!"

"उत्तर दिलं होतं त्यानं," ताई म्हणाली.

तिनं करपलेली वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. साहेबांनी चष्मा लावला. अकरा बाराची ओळ वाचली. मग अकरा तेराची. 'बरोबर केलं.' त्या दोन शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं, ते उचललंच नाही. एवढा मोठा माणूस. टेबलावर डोकं टेकून बसला. ताई पाठमोरी होऊन खिडकीबाहेर बघत राहिली.

मग ते म्हणाले, "पेन द्या."

त्यांनी नव्या ओळीपुढे सही केली. खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पूर्वीची नोंद माझी होती. ती खोटी होती.' कोणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला.

शुक्रवारी ताई मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. हे टपालानं पाठवायचं नाही." बसनं सहा तास. एका गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर. त्याची आई, पंच्याहत्तरीच्या पुढची, काठीसारखी ताठ. आम्ही कोण, कुठून आलो, सांगितलं. तिनं पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, "वाचा."

ताईनं वाचलं.

आईनं डोळे पुसले नाहीत. हनुवटी वर करून म्हणाली, "एवढंच तर म्हणत होते मी. सतरा वर्षं."

"चुकलं आमचं," ताई म्हणाली. "माझंही."

"तुमचं काय ते राहू द्या. मला मंगळवारीच कळलं."

मी ताईकडे बघितलं. ताई जमिनीकडे बघत होती.

"मंगळवारी?" मी विचारलं.

"रात्री. साडेअकरा व्हायचे होते. दार वाजलं. म्हटलं, कोण? म्हणाला, सुटलो गं आई. उघडलं मी. फार दमला होता. बस म्हटलं, बसला नाही. हात बघ किती घाण, म्हणाला. ते पुसले, आणि गेला."

मी मनात म्हटलं, म्हातारं माणूस, भास होतात. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हे, तुम्हाला ठाऊक आहे. चेहऱ्यावर दिसलं असावं माझ्या. ती उठली. दारामागच्या खुंटीकडे काठीनं खूण केली.

तिथं एक पांढरा टॉवेल होता. त्यावर दोन्ही हातांची काळी बोटं उमटलेली. बॉयलरच्या तेलाची. त्या घरात गाडी नाही, यंत्र नाही, साधा रॉकेलचा स्टोव्हदेखील नाही.

"धुतला नाही मी," ती म्हणाली. "आणि धुणार नाही."

मी पुढे झालो. मंगळवार रात्र ते शुक्रवार दुपार. खिडकी उघडी, वारा सुटलेला. मी त्या काळ्या बोटांना हात लावला.

तेल ओलं होतं...

आणि टॉवेल कोमट होता.